चोरीचं क्रिप्टो दिसतं, मग हाती का लागत नाही?

२१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्सचेंजमधून (म्हणजे क्रिप्टो-नाणी विकत घ्यायच्या, विकायच्या आणि ठेवायच्या कंपनीतून) सुमारे दीड अब्ज डॉलर किमतीचं इथर हे नाणं चोरीला गेलं. तोपर्यंत उघडकीला आलेल्या क्रिप्टो-चोऱ्यांत ही सगळ्यात मोठी. पाचच दिवसांत अमेरिकेच्या एफबीआयने हे काम उत्तर कोरियाचं असल्याचं जाहीर केलं. एप्रिलमध्ये बायबिटचे प्रमुख बेन झोऊ यांनी हिशेब मांडला: चोरीच्या रकमेपैकी ६८.५७ टक्क्यांचा माग अजून लागतोय, २७.५९ टक्के दिसेनाशी झालीय आणि गोठवता आली ती ३.८४ टक्के.

चोर माहीत, दोन तृतीयांशांहून जास्त मालाची वाट माहीत, जगभरातले तपासनीस मागावर. आणि हाती काय लागलं, तर शंभरातले चार. तुमच्याआमच्या अकाउंटमधून चोरी होते तेव्हाही गणित हेच असतं. फक्त आपल्या पाठीशी एवढी फौज नसते.

ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांच्या जाहीर वहीत, पैसे दिसणं वेगळं आणि ते अडवता येणं वेगळं. अडवता येतात ते फक्त अशा ठिकाणी, जिथे एखादी कंपनी त्या पैशांवर बसलेली असते: दुसरं एक्सचेंज, किंवा यूएसडीटीसारखं डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं काढणारी कंपनी. म्हणून चोरीनंतरची सगळी धावपळ एकाच कामासाठी हवी. पैसे अशा दारापाशी पोचतील तेव्हा आपली तक्रार तिथे आधी पोचलेली असावी.

पैसे नक्की कुणाचे गेले?

एक्सचेंजच्या ॲपमध्ये तुमच्या नावापुढे अर्धा बिटकॉइन दिसतो, तेव्हा ब्लॉकचेनवर तुमच्या नावाचं काहीही नसतं. सगळ्या ग्राहकांची नाणी एक्सचेंजच्या वॉलेटांमध्ये एकत्र पडलेली असतात आणि त्यातली कुणाची किती, हे कंपनीच्या डेटाबेसात लिहिलेलं असतं. तुम्ही, किंवा तुमच्या नावाने चोराने, विथड्रॉवल टाकलं की एक्सचेंज त्या सामाईक साठ्यातून रक्कम बाहेर पाठवतं आणि तुमच्या नावापुढचा आकडा कमी करतं.

यामुळे चोरीचे दोन अगदी वेगळे प्रकार होतात. पहिल्यात एक्सचेंजचं वॉलेटच फुटतं. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्समधून १,१९,७५४ बिटकॉइन गेले, तेव्हा कंपनीने तोटा सगळ्या ग्राहकांवर वाटून टाकला. ज्यांच्या नाण्यांना धक्काही लागला नव्हता, त्यांच्याही खात्याला सुमारे ३६ टक्क्यांची कात्री लागली. (ती वजावट कंपनीने पुढे टोकनांच्या रूपाने फेडली, हेही सांगायला हवं.) न्यूझीलंडचं क्रिप्टोपिया जानेवारी २०१९ मध्ये लुटलं गेलं आणि बंद पडलं. तिथल्या हायकोर्टाने एप्रिल २०२० मध्ये निकाल दिला की उरलेली नाणी ग्राहकांची आहेत, कंपनी त्यांची केवळ विश्वस्त होती. म्हणजे इतर देणेकऱ्यांना त्यावर हात मारता येणार नाही.

दुसऱ्या प्रकारात एक्सचेंज शाबूत असतं, फक्त तुमचं अकाउंट रिकामं होतं. इथे कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: पासवर्ड बरोबर होता, कोड बरोबर होता, आमची यंत्रणा फुटलेली नाही. हा प्रकार जास्त एकाकी पाडणारा आहे, कारण बातमी होत नाही आणि बरोबरचे बुडालेलेही कुणी नसतात. पुढचं सगळं या प्रकाराबद्दल आहे.

चोर आत कसा आला, याची वाट शोधणं केवळ कुतूहलापोटी नसतं, त्यावर पुढची पावलं ठरतात. फोन अचानक नेटवर्कबाहेर गेला असेल तर कुणीतरी तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर उचलला असण्याची शक्यता मोठी. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा गेमचं ‘मोफत’ हत्यार उतरवल्यावर हे झालं असेल तर कॉम्प्युटरमध्ये माहिती चोरणारा प्रोग्राम बसलेला असतो. तो पासवर्ड तर नेतोच, पण ब्राउझरमधल्या लॉगिनच्या कुकीही नेतो. त्या कुकी म्हणजे ‘हा माणूस आधीच आत आलेला आहे’ असा परवाना. त्यामुळे लॉगिनला दुसरा कोड विचारलाच जात नाही. ‘मी तर टू-फॅक्टर लावलं होतं’ असं म्हणणाऱ्या कित्येकांची गोष्ट अशी असते. बाकी बनावट लॉगिन पान आणि ‘सपोर्टमधून बोलतोय’ असा फोन, हे नेहमीचे यशस्वी आहेतच.

एपीआय की, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला तुमचं खातं चालवू देणारी किल्ली, ही आणखी एक खिडकी. ट्रेडिंग बॉटला (आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्रामला) दिलेल्या कीला पैसे काढायची परवानगी नसली तरी चोर तुमच्या खात्यातून एखादं मरगळलेलं नाणं चढ्या भावाने विकत घ्यायला लावतो आणि तेच नाणं समोरून स्वतः विकतो. मार्च २०१८ मध्ये बायनान्सवर वायाकॉइनच्या बाबतीत हेच झालं. तिथे पैसे बाहेर पडायच्या आत विथड्रॉवल थांबवण्यात आली आणि उलट चोरांचीच नाणी अडकली. बाहेर पडायच्या आत, हे महत्त्वाचं.

पहिला तास

चोरी लक्षात आल्यावर हात आपसूक त्याच लॅपटॉपकडे जातो ज्यावर ॲप उघडं आहे. तिथे काही करू नका. लॅपटॉपमध्ये चोर बसला असेल तर तुम्ही बदललेला पासवर्ड तो तुमच्याबरोबरच वाचेल. दुसरं, स्वच्छ उपकरण घ्या, आणि एक्सचेंजच्या आधी ईमेल ताब्यात घ्या. ईमेल हातात नसेल तर बाकी सगळं त्यातूनच परत पलटवता येतं.

ईमेलचा पासवर्ड बदलून थांबू नका. सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंगचे नियम बघा. एक्सचेंजच्या नावाचं मेल आलं की ते वाचलेलं म्हणून थेट कचऱ्यात टाकायचा नियम चोर आधी लावून ठेवतो. त्यामुळे ‘नव्या उपकरणावरून लॉगिन’, ‘नवा पत्ता जोडला’, ‘विथड्रॉवल मंजूर’ अशी तीन-चार मेलं येऊन गेलेली असतात आणि तुम्हाला पत्ताच नसतो. ती मेलं कचऱ्यातून बाहेर काढा, पुसू नका. त्यातल्या वेळा पुढे पुरावा म्हणून लागतील.

मग एक्सचेंज. बहुतेक मोठ्या एक्सचेंजांमध्ये खातं स्वतः गोठवायचं बटण असतं, ते दाबा. सगळी उघडी सेशन बंद करा, एपीआय की काढून टाका, पैसे पाठवायच्या पत्त्यांच्या (वॉलेटच्या क्रमांकांच्या) यादीत चोराने घुसवलेला पत्ता असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन मग काढा. सपोर्टशी अधिकृत ॲपमधूनच बोला. सर्च इंजिनवर हेल्पलाइन नंबर शोधायला गेलात तर वरचे दोन निकाल ठगांचे असू शकतात. नंबर चोरला गेल्याची शंका असेल तर मोबाइल कंपनीला दुसऱ्या फोनवरून कळवा.

आणि कॉम्प्युटर लगेच फॉरमॅट करू नका. घाबरून ‘साफ’ करण्याच्या नादात लोक तो एकमेव पुरावा पुसून टाकतात, ज्यावरून चोरी कशी झाली ते सांगता आलं असतं. इंटरनेट तोडा आणि बाजूला ठेवा.

कागदपत्र जमवताना एक गोष्ट सोन्यासारखी जपायची: टीएक्सआयडी, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या त्या व्यवहाराचा क्रमांक. विथड्रॉवलच्या इतिहासात तो मिळतो. बहुधा ६४ अक्षरांची ही मालिका स्क्रीनशॉटमध्ये देऊ नका, मजकूर म्हणून कॉपी करून द्या. समोरच्या अधिकाऱ्याने ती बघून हाताने टाइप करणं म्हणजे एक अक्षर चुकणारच, आणि एक अक्षर चुकलं की व्यवहार सापडत नाही. सोबत नाण्याचं नाव, रक्कम, जिथे गेली तो पत्ता, वेळ आणि नेटवर्क लिहा. नेटवर्क लिहायचं राहून जातं. नेटवर्क म्हणजे नाणं कुठल्या ब्लॉकचेनवर आहे ते: यूएसडीटी इथेरियमवरही (इथरच्या ब्लॉकचेनवर) असतं आणि ट्रॉनवरही; शिवाय इथेरियमच्या धर्तीचा एकच पत्ता अनेक नेटवर्कांवर चालतो. नुसता पत्ता दिला तर तपास करणारा चुकीच्या रस्त्यावर शोधत बसेल. वेळेच्या पुढे ती कुठल्या टाइम झोनची ते लिहा. एक्सचेंजच्या नोंदी बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात.

पोलिसांकडची तक्रार याच दिवशी झाली पाहिजे, ‘आधी एक्सचेंज काय म्हणतंय बघू’ म्हणून थांबायचं नाही. एक्सचेंज तुमच्या मेलवर फार तर तात्पुरता चाप लावेल. पुढे कुणाचं खातं गोठवायचं, कुणाची ओळख द्यायची, हे ते पोलिसांच्या पत्राशिवाय करत नाहीत, आणि करूही नये. नाहीतर कुणीही उठून कुणाचंही खातं बंद पाडेल. बहुतेक मोठ्या एक्सचेंजांनी पोलिसांसाठी वेगळं पोर्टल ठेवलेलं असतं. तपास अधिकाऱ्याला ते माहीत नसेल तर त्याची लिंक तुम्हीच शोधून अर्जाला जोडा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

माग कसा वाचायचा

ब्लॉक एक्सप्लोरर म्हणजे ब्लॉकचेन वाचायची फुकट वेबसाइट. इथेरियमसाठी इथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन, बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस. टीएक्सआयडी टाकला की व्यवहार समोर येतो. इथपर्यंत सोपं आहे. खरी फसगत यापुढे.

बिटकॉइनच्या बाबतीत पहिल्याच पानावर गोंधळ उडतो. एक्सचेंज खर्च वाचवण्यासाठी कित्येक ग्राहकांची विथड्रॉवल एकाच व्यवहारात बांधतं. तुमचा ०.४ बिटकॉइन गेला असेल आणि पानावर पन्नास पत्ते दिसत असतील, तर त्यातला एकच पत्ता तुमच्या चोराचा आहे. बाकीचे बहुतेक पत्ते आपापले पैसे काढणाऱ्या निरुपद्रवी ग्राहकांचे. शिवाय त्यात एक्सचेंजला स्वतःकडे परत आलेली उरलेली मोड असते आणि ती बहुधा सगळ्यात मोठी रक्कम असते. पुष्कळ जण तिचाच पाठलाग करत सुटतात.

इथेरियमवर वेगळी गंमत. यूएसडीटीची हालचाल व्यवहारांच्या मुख्य यादीत नीट दिसत नाही, टोकन ट्रान्सफरच्या टॅबमध्ये बघावी लागते. तिथे चोराच्या पत्त्याशेजारी शून्य रकमेचे किंवा नगण्य रकमेचे व्यवहार दिसतील, आणि त्यातल्या पत्त्यांची पहिली-शेवटची चार अक्षरं खऱ्या पत्त्याशी जुळतील. हा दुसऱ्याच ठगांनी पेरलेला कचरा असतो, कुणीतरी चुकून त्या पत्त्यावर पैसे पाठवावेत म्हणून. पत्ता ताडताना मधली अक्षरंही बघा.

आता चोर काय करतो ते बघू. समजा तीन बिटकॉइन गेले. पहिल्या पत्त्यावरून दोन दशांश एकीकडे जातात, दोन पूर्णांक आठ नव्या पत्त्यावर. तिथून परत दोन दशांश बाजूला, उरलेले पुढे. ही साल काढत जाण्याची पद्धत कंटाळवाणी दिसते, आणि तेच तिचं काम. बघणाऱ्याने पंधराव्या पत्त्यावर दमून सोडून द्यावं. प्रत्येक दोन दशांशाचा तुकडा मात्र कुठल्यातरी दाराकडे चाललेला असतो. लक्ष मोठ्या रकमेवर नाही, त्या लहान तुकड्यांवर ठेवायचं.

बाकी दोन युक्त्या थोडक्यात. ब्रिजवरून पैसे एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्यावर उडी मारतात. माग तुटत नाही, पण दुसऱ्या बाजूला तो नव्याने शोधावा लागतो. मिक्सरमध्ये, म्हणजे अनेकांची नाणी मिसळून परत देणाऱ्या सेवेत, मात्र तो खरोखर धूसर होतो. टोर्नेडो कॅश हा मिक्सर ठरावीक रकमा घेतो, ०.१, १, १० किंवा १०० इथर, म्हणजे बाहेर पडणारा प्रत्येक तुकडा इतर शेकडो तुकड्यांसारखाच दिसतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये त्यावर निर्बंध घातले आणि मार्च २०२५ मध्ये काढले, तो वेगळा वाद. वैयक्तिक चोरीत रक्कम मिक्सरमध्ये गेली असेल तर घरबसल्या पुढचा माग काढत बसण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी लागणारी साधनं तपास यंत्रणांकडे आणि चेनॲनालिसिससारख्या कंपन्यांकडे असतात.

दार ओळखायचं कसं

प्रत्येक एक्सचेंज ग्राहकाला पैसे भरायला एक खास पत्ता देतं. त्यावर पैसे आले की काही वेळात एक्सचेंज ते आपल्या मोठ्या वॉलेटमध्ये ओढून घेतं. त्या मोठ्या वॉलेटांवर इथरस्कॅनसारख्या साइट एक्सचेंजच्या नावाची पाटी लावतात. म्हणजे असं दिसेल: तुमचे पैसे एका बिनपाटीच्या पत्त्यावर आले, आणि थोड्याच वेळात सगळेच्या सगळे पाटीवाल्या वॉलेटमध्ये गेले. मग तो बिनपाटीचा पत्ता हेच दार. तो एक्सचेंजच्या कुठल्यातरी ग्राहकाचा आहे, आणि त्या ग्राहकाची कागदपत्रं बहुधा त्या एक्सचेंजकडे आहेत.

इथे थांबायचं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. एक्सचेंजचं मोठं वॉलेट म्हणजे सोसायटीची पाण्याची टाकी: वर कुणाच्या बादलीतून आलेलं पाणी खाली कुणाच्या नळाला आलं, ते बाहेरून सांगता येत नाही. त्या वॉलेटमधून पुढे निघालेली रक्कम तुमची नाही. तिच्या मागे लागून लोक तिसऱ्याच माणसाला चोर ठरवतात, त्याचा पत्ता जाहीर करतात आणि तक्रारीची विश्वासार्हता घालवून बसतात. तक्रारीत लिहायचं ते त्या बिनपाटीच्या पत्त्यापर्यंतचंच, आणि ज्या व्यवहाराने पैसे तिथे आले त्याचा टीएक्सआयडी. एक्सआरपी आणि स्टेलरसारख्या नाण्यांत एक्सचेंज सगळ्यांना एकच पत्ता देतं आणि ग्राहक ओळखतं टॅग किंवा मेमोवरून. तिथे तो आकडा लिहिला नाही तर पत्ता देऊन काही उपयोग नाही.

त्या एक्सचेंजला लगेच लिहा: चोरीची रक्कम अमुक व्यवहाराने तुमच्या अमुक पत्त्यावर आलीय, पोलीस तक्रार क्रमांक हा, पोलिसांचं पत्र येईपर्यंत रक्कम राखून ठेवावी. चार ओळी पुरतात. आपल्यावर कसा अन्याय झाला याची तीन पानं वाचायला त्या टेबलावर कुणाला वेळ नसतो.

दुसरं दार स्टेबलकॉइनचं, म्हणजे डॉलरसारख्या चलनाला बांधलेल्या नाण्यांचं. यूएसडीटी काढणारी टेदर आणि यूएसडीसी काढणारी सर्कल या कंपन्यांनी आपल्या नाण्याच्या कोडमध्येच एखादा पत्ता काळ्या यादीत टाकायची सोय ठेवली आहे. यादीत पडलेल्या पत्त्यावरचं नाणं हलत नाही. टेदर तर गोठवलेलं नाणं नष्ट करून तेवढंच नवं दुसऱ्याला देऊ शकते. क्रिप्टोत हे एवढं मोकळेपणाने करता येईल असं दुसरं ठिकाण क्वचितच. पण चोरांनाही हे ठाऊक आहे, त्यामुळे चोरीचं यूएसडीटी बहुतेकदा काही मिनिटांत इथर किंवा दाई या नाण्यात बदललं जातं, आणि तिथे कुणाचा चाप नाही. अर्थात, सगळेच चोर चलाख नसतात. काहींचं यूएसडीटी दिवसेंदिवस एकाच पत्त्यावर पडून राहतं. तसं दिसलं तर पोलिसांच्या मागे लागून नाणं काढणाऱ्या कंपनीला पत्र पाठवायला लावणं हे त्या दिवसाचं पहिलं काम.

बिटकॉइन किंवा इथर कुणी गोठवू शकत नाही, हे खरं. व्यवहारच मागे फिरवल्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे: जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामाईक निधीतून सुमारे ३६ लाख इथर निघून गेल्यावर इथेरियमच्या लोकांनी जुलैमध्ये साखळीच बदलून पैसे परत केले. ते न पटलेल्यांची साखळी आजही इथेरियम क्लासिक या नावाने चालते. आपल्या चोरीसाठी असं काही होईल, ही आशा सोडून द्यावी.

एक्सचेंजशी भांडण

तुमच्या स्वतःच्या एक्सचेंजकडून भरपाई मागायची असेल तर ‘मी ते विथड्रॉवल केलं नाही’ एवढं पुरत नाही. त्यांच्याकडून लॉगिनच्या नोंदी मागा: कुठल्या आयपीवरून, कुठल्या उपकरणावरून, किती वाजता. पासवर्ड किंवा टू-फॅक्टर बदलल्यावर बरीच एक्सचेंज २४ तास किंवा जास्त काळ विथड्रॉवल रोखतात. तुमच्या एक्सचेंजच्या नियमांत ते लिहिलंय का, आणि चोराने कोड बदलल्यावर ते पाळलं गेलं का? तुम्ही फक्त ठरलेल्या पत्त्यांवरच पैसे जावेत अशी यादी लावली होती का, आणि ती बंद केली गेली तेव्हा थांबण्याची मुदत होती का?

सगळ्यात जोरकस मुद्दा बहुधा वेळेचा असतो. तुम्ही १० वाजून ५ मिनिटांनी खातं बंद करायला सांगितलं आणि दुसरं विथड्रॉवल १० वाजून ४० मिनिटांनी गेलं असेल, तर त्या दुसऱ्या रकमेची जबाबदारी झटकणं कंपनीला जड जातं. म्हणून चॅटचा प्रत्येक स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा. युरोपीय संघातल्या ग्राहकाला जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली स्वतःची माहिती मागायचा हक्क आहे आणि कंपनीला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. जिथे असा कायदा आहे तिथे सपोर्टच्या गोड शब्दांवर न थांबता हा मार्ग धरावा.

रक्कम मोठी असेल तर कोर्ट. इंग्लंडच्या हायकोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये खंडणीच्या एका प्रकरणात बिटकॉइन ही मालमत्ता आहे असं धरलं. दिलेल्या १०९.२५ बिटकॉइनपैकी ९६ चा माग एका एक्सचेंजपर्यंत लागला होता. कोर्टाने चोराचं नाव माहीत नसतानाही, ‘अनोळखी व्यक्तीं’विरुद्ध, ती नाणी हलवायला मनाई केली. मार्ग भक्कम आहे, पण वकिलांचं बिल बघता छोट्या रकमेसाठी तो आतबट्ट्याचा.

चोरावर मोर

चोरी झाल्याचं तुम्ही कुठेही उघडपणे लिहिलंत की काही तासांत मेसेज येतो: ‘माझेही असेच गेले होते, या हॅकरने काढून दिले.’ मग एक सभ्य माणूस, एक चकाचक वेबसाइट, तिच्यावर तुमच्या नावाने ‘सापडलेली’ रक्कम. काढायची तर आधी गॅस फी (ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराचं शुल्क), मग कर, मग वॉलेट सुरू करायचं शुल्क. एफबीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये अशा वसुलीवाल्यांबद्दल खास इशारा दिला होता. काही जण वकील असल्याचं किंवा सरकारी खात्यातून बोलत असल्याचं भासवतात, कोर्टाचे शिक्के मारलेले कागद पाठवतात.

ओळखायची खूण साधी आहे. चोराच्या वॉलेटची गुप्त किल्ली असल्याशिवाय त्यातलं नाणं कुणालाही बाहेर काढता येत नाही. ‘उलट हॅक’ करून परत आणतो म्हणणारा खोटं बोलतोय. माग काढून अहवाल देणाऱ्या खऱ्या कंपन्या आहेत, पण त्या अहवालाचे पैसे घेतात, पैसे परत आणण्याची हमी देत नाहीत. चोरानेच नाणी परत केल्याची उदाहरणं मोठ्या प्रकरणांत मिळतात: ऑगस्ट २०२१ मध्ये पॉली नेटवर्क या ब्रिजमधले सुमारे ६१ कोटी डॉलर नेणाऱ्याने ते जवळजवळ सगळे परत दिले. ती त्याची मर्जी होती.

चोरीचं नाणं तुमच्याकडे आलं तर

ही बाजू लोक विसरतात. तुम्ही अनोळखी माणसाकडून थेट व्यवहारात यूएसडीटी घेतलं, एक्सचेंजवर भरलं आणि खातं गोठलं. तुम्ही दाम मोजलेत, पण नाणं कुणाच्यातरी चोरीतलं होतं. अशा वेळी ते घाईने दुसरीकडे हलवू नका; ते लपवल्यासारखं दिसतं. व्यवहाराची पावती, पैसे दिल्याची नोंद, समोरच्याशी झालेलं बोलणं, हे सगळं एक्सचेंजच्या तपासणी विभागाला द्या.

चोरीचं आणि सचोटीचं नाणं एका वॉलेटमध्ये मिसळलं तर त्यातलं चोरीचं कुठलं? यावर एकमत नाही. काही पद्धती सगळ्याच रकमेला डाग लावतात, काही प्रमाणात वाटतात. केंब्रिजचे रॉस अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुचवलं की इंग्लंडच्या १८१६ च्या क्लेटन खटल्यातला नियम लावावा: जे आधी आलं ते आधी गेलं असं धरायचं. दोनशे वर्षांपूर्वी बँकेच्या खात्यासाठी काढलेला तोडगा बिटकॉइनला बसतो, याची मला मौज वाटते.

मिळाले तर कधी आणि किती

बिटफिनेक्सची चोरी २०१६ ची. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी त्यातले ९४,००० हून जास्त बिटकॉइन जप्त केले. ब्लॉकचेनवर ते सगळ्यांना दिसतच होते. हाती लागले ते चोराने क्लाउडवर ठेवलेली किल्ल्यांची फाइल उघडता आली म्हणून. चोरीच्या वेळी सगळ्या मालाची किंमत साधारण ७ कोटी डॉलर होती, जप्तीच्या दिवशी जप्त मालाची ३.६ अब्ज डॉलर.

म्हणून परत मिळताना नाणी मिळणार की चोरीच्या दिवशीची किंमत, हा प्रश्न तक्रारीच्या पहिल्या कागदापासून महत्त्वाचा ठरतो. माउंट गॉक्स हे एक्सचेंज २०१४ मध्ये बुडालं. त्याचं प्रकरण २०१८ मध्ये दिवाळखोरीतून वेगळ्या प्रक्रियेत नेलं गेलं, त्यामुळे देणेकऱ्यांना नाण्यांत परतफेड शक्य झाली; ती सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला. एफटीएक्स या बुडालेल्या एक्सचेंजच्या ग्राहकांचे दावे मात्र नोव्हेंबर २०२२ च्या भावाने धरले गेले, नंतर चढलेला भाव त्यांना मिळाला नाही. तक्रारीत नुकसान लिहिताना नुसतं चलनातला आकडा लिहू नका. आधी नाण्यांची संख्या, मग त्या दिवसाची किंमत.

आणि चोराच्या शेवटच्या पत्त्यावर एक्सप्लोररमधली सूचना लावून ठेवा. इथरस्कॅनवर मोफत खातं काढलं की पत्ता हलताच मेल येतं. ते मेल आलं की नवा टीएक्सआयडी त्याच दिवशी जुन्याच तक्रार क्रमांकाखाली पोलिसांना द्या, आणि पैसे पाटीवाल्या वॉलेटकडे वळलेले दिसले तर त्या एक्सचेंजलाही.